कासवाचे पाय

ताई हे काही तिचं नाव नव्हतं, ती नेमणूक होती. धाकटा भाऊ जन्मला त्या दिवशी ती ताई झाली. तेव्हा तिला स्वतःच्या बुटाची नाडीही धड बांधता येत नव्हती, पण पदभार स्वीकारावा लागला, आणि त्यानंतर कुणी तिला त्या पदावरून खालीही उतरवलं नाही आणि वरही चढवलं नाही. भाऊ ताई म्हणायचा म्हणून भावजय म्हणू लागली, भावजय म्हणते म्हणून जिन्यावरचे शेजारी. ज्या खेळण्यांच्या दुकानात ती नोकरीला होती तिथले मालक तिचे काका शोभतील एवढ्या वयाचे होते, तेही ‘अहो ताई’ म्हणत. जन्मदात्री आईसुद्धा ताईच म्हणायची. आता यापुढे तक्रार कुणाकडे न्यायची?

दुकानाच्या पोटमाळ्यावर तिचं टेबल होतं. एक खिडकी, गोंदाचा वास ओढून घेणारा एक पंखा, मान वाकवता येणारा दिवा आणि बिस्किटांच्या डब्यांची पसरट झाकणं. त्या झाकणांत ती ठोकळे निवडून ठेवायची. नवशिके रंगाप्रमाणे निवडतात आणि मग लाल ढिगाऱ्यात एक लाल बिजागरी शोधताना डोळे फोडून घेतात. ताई आकाराप्रमाणे निवडायची. डब्यातून सुटा निघणारा संच ती जोडायची, आणि तो तयार झाला की खाली काचेच्या कपाटात जाऊन बसायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की एवढ्या खुळखुळ्यातून शेवटी निघणार काय आहे.

पन्नाशी गाठलेल्या बाईने दिवसभर प्लॅस्टिकचे ठोकळे जोडत बसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे ऐकून नातेवाइकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. पाहुण्यांसमोर भावजय सांगायची, ‘आमच्या ताई दुकान सांभाळतात.’ त्यात खोटं काही नव्हतं. ताई सांभाळत नाही असं त्या घराण्यात काही उरलेलंच नव्हतं.

कपाटातले नमुने गोंद लावून पक्के करावे लागत. नाहीतर संध्याकाळपर्यंत ड्रॅगनची शेपटी एखाद्या सद्गृहस्थाच्या मुलाच्या खिशातून घरी पोचलेली असायची, आणि सद्गृहस्थ ‘आमचा तसा नाही’ म्हणायला मोकळे. हा गोंद नुसता चिकटवणारा नव्हता. सुईच्या टोकाएवढ्या नळीतून एक थेंब सोडला की दोन्हीकडचं प्लॅस्टिक किंचित विरघळायचं आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा व्हायचा. पुन्हा सुटा करणं नाही. म्हणून या कामाची रीत अशी, की आधी सगळा संच कोरडा जोडायचा, डोळे भरून पाहायचा, मग थराथराने सोडवत शेवटच्या रूपात गोंद लावत पक्का करायचा. कोरडं जोडताना हजार चुका माफ. गोंदाच्या वेळी एकही नाही. लग्न ठरवणाऱ्यांनी ही पद्धत घेतली असती तर बरीच भांडी फुटायची वाचली असती, असं गल्ल्यावरची बाई म्हणायची, आणि तिला अनुभव होता.

काही वर्षांपूर्वी मालकांनी चिनी पुराणकथांवरचे संच मागवायला सुरुवात केली. कारण काय, तर समोरच्या दुकानात नव्हते. मालकांचं सगळं तत्त्वज्ञान समोरच्या दुकानावर उभं होतं. सगळ्यात आधी आला ड्रॅगन. लांबलचक अंग, मिशा, शिंगं आणि पंखांचा पत्ता नाही. कपाटासमोर उभे राहून वडीलमंडळी ताईला बोलावून घेत.

‘याचे पंख कुठायत?’

‘याला पंख नसतात.’

‘मग हा उडतो कसा?’

‘मनात आलं की उडतो.’

‘म्हणजे पार्ट कमी दिलाय तुम्ही.’

पुढे धनुर्धर आला. आकाशात एकदम दहा सूर्य उगवले, पृथ्वी करपायला लागली, तेव्हा त्याने नऊ बाण मारून नऊ पाडले आणि एक शिल्लक ठेवला. बच्चेकंपनी घरी नेल्याच्या दिवशी दहावाही पाडायची. चंद्रावर बसून औषध कुटणारा ससा आला, तो हातोहात खपला, कारण सशाला कुणाचीच हरकत नसते. आणि एक छोटासा पक्षी आला, जो चोचीत एकेक खडा आणून समुद्र बुजवायला निघालेला असतो. हा संच अजिबात खपेना. ज्यांना आपलं आयुष्य आठवायचं असतं त्यांना त्यासाठी दुकानात यायची गरज नसते.

ताईला मात्र हे सगळे आवडायचे. मनापासून आवडायचे. पोटमाळ्यावर एकदा झाकणं मांडून बसली की तिला ताई म्हणायला कुणी नसायचं, आणि मिशा कुरवाळत वर निघालेल्या ड्रॅगनचा मणका एकेक सांधा घेऊन वाकवताना ती चक्क गुणगुणायची. घरी ती गुणगुणत नसे. घरी वेळ नसे.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यात आई. आई पूर्वी कोट शिवायच्या कारखान्यात होती, हाताखाली बायका होत्या, जिभेला धार होती. मग एकदा ती न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण त्या दिवशी ताईने घराचा ताबा घेतला. जमिनीवर रबरी चटया आल्या. आईची खुर्ची खिडकीशी गेली, कारण तिथे ऊन येतं, आणि आई खुर्चीत गेली, कारण ताईने तिला तिथे बसवलं. गोळ्यांच्या डबीला सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे झाले. दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि कामावर निघताना ताई गॅसची मोठी चावी बंद करून जायची. आई कधी ‘मी करते’ म्हणाली तर ताई म्हणायची, ‘तू करशील, आणि मग निस्तरायचं कुणी?’ आई यावर काही बोलायची नाही. धार गेली बिचारीची, असं ताईला वाटायचं.

भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. तो रविवारी यायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. आईला फळं देत जा, आईला हवा खायला नेत जा, आईशी बोलत जा. हे सांगून झालं की आईने न खाल्लेली फळं स्वतः खाऊन तो घरी जायचा.

तर अशात ते पत्रक आलं. संच बनवणाऱ्या कंपनीची मोठी कार्यशाळा आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर दुसऱ्या शहरात होती. मोठ्या दुकानांत, वस्तुसंग्रहालयांत ठेवायचे अवाढव्य नमुने तिथे जोडत. पत्रकावर फोटो होता. अख्ख्या व्हरांड्याएवढा लांब ड्रॅगन, त्याच्या पोटात शिरून काम करणाऱ्या दोन बाया, एकीचे नुसते पाय बाहेर. ताईने तो फोटो पाहिला आणि तिला त्या पायांचा असा हेवा वाटला, जसा आजवर कुणाच्या दागिन्यांचा वाटला नव्हता. कार्यशाळेला पक्क्या हाताची माणसं हवी होती. तिने कळवलं. उत्तर आलं, की नवीन संच येतोय, तो तुमच्या दुकानात तुम्हीच उभा करा, कपाटात मांडायच्या दिवशी आमच्या बाई येऊन तुमचा हात बघतील. हात आवडला तर रुजू व्हायचं.

ताईला जायचं होतं. हे तिने स्वतःशी स्पष्ट कबूल करायलाही काही दिवस घेतले, कारण सवय नव्हती. आईला तिने चकार शब्द सांगितला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला? भावाला मात्र सांगितलं. तू आईला ने, मी जाते. भाऊ म्हणाला, विचार करून सांगतो.

नवा संच आला. एकच आला, कारण तो अजून बाजारातच यायचा होता. आकाश सांधणारी देवी. कथा अशी, की एकदा दोन देवांचं भांडण जुंपलं. त्यात हरलेल्याने रागाच्या भरात आकाशाला टेकू देणाऱ्या डोंगरावर डोकं आपटलं. डोंगर मोडला, आकाश कलंडलं आणि त्याला भलंमोठं भोक पडलं. पुरुषांनी भांडून छप्पर पाडायचं आणि डागडुजीला बाईला बोलवायचं, ही पद्धत तिकडेही आहे हे वाचून ताईला जरा सोबत मिळाल्यासारखं वाटलं. देवीने पाच रंगांचे दगड वितळवून भोक बुजवलं. मग आकाश पुन्हा कलंडू नये म्हणून तिने समुद्रातलं एक प्रचंड कासव धरलं, त्याचे चारही पाय कापले आणि ते चार कोपऱ्यांत खांबांसारखे उभे केले. गोष्ट संपली. सगळे सुखाने नांदू लागले.

‘आणि कासव?’ ताईने गल्ल्यावरच्या बाईला विचारलं.

‘कासवाचं काय?’

‘त्याला कुणी विचारलं का?’

‘अहो, तेवढा मोठा प्राणी. त्याला काय होतंय?’ ती बाई म्हणाली. ताईने पुस्तिका मिटली. हे वाक्य तिने स्वतःच्या संदर्भात पुष्कळदा ऐकलेलं होतं.

संच मात्र झकास होता. मागे मोडका डोंगर, त्यापुढे हात उंचावलेली देवी, वर निळ्याजांभळ्या पारदर्शक ठोकळ्यांचं आकाश आणि त्यात पाच रंगांचं ठिगळ. खाली कासव. खेळणाऱ्या मुलांना मजा यावी म्हणून पुस्तिकेत कासव आधी पायांसकट जोडायला लावलं होतं. मग शेवटच्या पानावर ते पाय उपसून आकाशाच्या चार कोपऱ्यांखाली बसवायचे. कोरडी जोडणी उत्तम झाली. मालक वर येऊन बघून गेले आणि ‘समोरचा जळून खाक होणार’ असा त्यांनी अभिप्राय दिला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाई येणार होत्या. ताईने सगळं सोडवलं, गोंदाची नळी उघडली, पंखा लावला आणि कासवापासून सुरुवात केली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. तिने तो कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला.

‘ताई, पटकन बोल, मी कामात आहे.’ फोन त्यानेच केला होता.

‘तूच बोल.’

‘आम्ही विचार केला.’

या कुटुंबात ‘आम्ही विचार केला’ याचा अर्थ, आता ताईने काहीतरी करायचं.

‘ती रिकामी खोली आहे ना, ती आता रिकामी नाहीये. हिची व्यायामाची सायकल आलीय.’

‘सायकल गॅलरीत ठेवा.’

‘गंजेल गं.’

‘आणि आई?’

‘आई काय गंजणारे का? म्हणजे... तसं नाही म्हणायचं मला. आईला जागा बदलली की झोप लागत नाही, हे तूच सांगतेस. शिवाय तिला तुझ्या हाताची सवय. आमच्याकडे तिचे हाल होतील. त्यापेक्षा आहे ते बरंय ना. तू तर आहेसच.’

‘मी नसले तर?’

‘असं काय बोलतेस? तू कुठे जाणारेस?’

हे त्याने अगदी निरागसपणे विचारलं. आठवड्यापूर्वी तिने त्याला सगळं बैजवार सांगितलं होतं. ती कुठे, का आणि कशी जाणार ते. पण ताई जाणार हे वाक्य त्याच्या कानातून आत शिरलंच नव्हतं, शिरायला तिथे जागाच केलेली नव्हती. तिथेही एखादी सायकल असणार. तिचा संताप संताप झाला. तो बोलत राहिला, आईच्या रक्तदाबाबद्दल, जिन्याबद्दल, लोक काय म्हणतील याबद्दल, आणि तिचे हात सवयीने चालत राहिले. थेंब, दाब, थेंब, दाब. फोन ठेवला तेव्हा तिला कळलं, की आपण कासवाचे चारही पाय कासवालाच पक्के करून टाकलेत.

तिने एक पाय ओढून पाहिला. सांध्यात घालायचं चपटं अवजार घालून पाहिलं. काही उपयोग नव्हता, कारण तिचा हात चांगला होता. मधल्याच अवस्थेला पक्कं करून बसणं, ही असली चूक करायला दुसरं कुणी असून चालत नाही, त्यासाठी चांगला कसबी जोडणाराच लागतो. ताई खुर्चीत मागे टेकली. गेली, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. नोकरी गेली, ड्रॅगन गेला, आता उरली ती गोळ्यांची डबी.

मालकांना सांगावं लागलं. मालक आधी घाबरले, मग समोरच्या दुकानाकडे बघून जास्त घाबरले, आणि मग तळघरातून करवत घेऊन आले.

‘कापा.’

‘काय?’

‘पाय हो. गोष्टीतही कापलेलेच आहेत ना? तुम्ही काय जगावेगळं करताय?’

ताईने करवतीकडे पाहिलं, मग कासवाकडे. कासव हिरवं आणि मख्ख होतं, चारी पायांवर व्यवस्थित उभं होतं. कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्या अंगावरचे पाय त्याच्याच मालकीचे ठरवले होते.

‘मी नाही कापणार,’ ती म्हणाली.

‘अहो ताई, प्लॅस्टिक आहे ते!’

‘असू दे. मी नाही कापणार. तुम्हीही नाही कापायचं.’

मालकांनी ताईला इतक्या वर्षांत ‘नाही’ म्हणताना ऐकलं नव्हतं. ते करवत घेऊन जसे आले तसे खाली गेले, आणि गल्ल्यावरच्या बाईला म्हणाले की ताईंना बरं नाहीये.

पण आकाशाचं काय करायचं? खांब म्हणून काहीतरी दुसरं करावं म्हणून तिने उरलेला संच पक्का केला. डोंगर, देवी, ठिगळ. मग आकाश अंदाज घ्यायला नुसतं वर ठेवून बघितलं, खाली दोन्ही हात धरून, कोसळलं तर झेलायला. ते कोसळलं नाही. तिने एक हात काढला. मग दुसरा. आकाश होतं तिथेच होतं, मागच्या डोंगराच्या दोन सुळक्यांवर आणि देवीच्या तळहातावर मजेत बसलेलं. तिने बोटाने ढकलून पाहिलं. जरा हललं आणि पुन्हा स्थिर झालं. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो राग, आणि तो कुणावर आहे ते काही केल्या ठरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बाई आल्या. बुटक्या, चष्मा केसांत खोचलेला, आणि अंगठ्यावर वाळलेल्या गोंदाची पांढरी साल. ती साल पाहून ताईला जरा धीर आला. बाईंनी कपाट उघडायला लावलं आणि वाकून पाहिलं. मग कासवाकडे पाहिलं.

‘नवी कल्पना आहे,’ मालक घाईघाईने म्हणाले. ‘मुद्दाम केलंय आम्ही. आजच्या काळात प्राण्यांवर दया...’

‘मुद्दाम केलंत?’ बाईंनी ताईला विचारलं.

‘नाही. चुकून,’ ताई म्हणाली. ‘हातात गोंद होता आणि कानाला भाऊ होता.’

मालकांनी कपाळाला हात लावला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कासव उचललं, दोन्ही अंगठ्यांनी एक पाय दाबून, पिळून, ओढून पाहिला. दुसरा पाहिला. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन सांधे बघत राहिल्या, पुष्कळ वेळ. कुठे थेंब ओघळलेला नव्हता.

‘आकाश पडलं नाही,’ ताईच म्हणाली, कारण ते तिला रात्रभर खुपत होतं. ‘खांब नाहीत तरी उभं आहे.’

‘उभं राहणारच. सगळा भार डोंगरावर आणि देवीच्या हातावर आहे. मीच काढलाय हा आराखडा. पाय नुसते दिखाऊ आहेत.’

‘मग कापायचे कशाला?’

‘गोष्टीत तसं आहे म्हणून.’

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाईंना आपण काही विशेष बोललो असं वाटलं नसावं. त्यांनी कासव जागेवर ठेवलं, चष्मा पुन्हा केसांत खोचला.

‘तुमचा हात पक्का आहे. फार पक्का. आमच्याकडे ड्रॅगन छताला टांगावे लागतात, खाली माणसं फिरत असतात, मला असाच सांधा हवाय. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला या. राहायची खोली आहे, वरच्या मजल्यावर. फोन मात्र दाराशी ठेवून आत यायचं.’

म्हणजे मिळालं. अगदी सहज मिळालं. मालक लगेच ‘आम्ही घडवलंय त्यांना’ म्हणून मोकळे झाले. ताईला दिवसभर कुणाचं काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी घराकडे चालताना ती मनात एकच गोष्ट घोकत होती, आईला सांगायचं कसं. आई रडेल. आई म्हणेल, माझं काय होणार. त्यावर आपण म्हणू, दर महिन्याला येईन. त्यावर आई म्हणेल, मी तोवर राहते की नाही कोण जाणे. इथवर पोचल्यावर प्रत्येक वेळी ताईचा निश्चय ढेपाळायचा. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात नोकरी नाकारलीही होती.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. ताईने चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. कार्यशाळा, खोली, पुढचा महिना. आणि धाकट्याकडे सायकल आहे, म्हणून तो तुला नेत नाही, म्हणून मी नाही म्हणणार आहे, तू काळजी करू नकोस.

आईने ऐकून घेतलं.

‘तुम्ही दोघं माझी वाटणी करत होतात का?’

‘वाटणी काय, आई? तुला एकटीला कसं ठेवायचं?’

‘मला कुणाकडे जायचंय असं मी कधी म्हणाले?’

‘तुला कुठे काय जमतं? साधा चहा करायचा म्हटला तरी—’

‘चहा मी रोज करते,’ आई म्हणाली. ‘तू गेलीस की ती मोठी चावी उघडते, चहा करते, खालच्या बाईंकडे पत्ते खेळायला जाते, आणि तू यायच्या आत वर येऊन चावी बंद करते. कप धुऊन ठेवते.’

‘जिना उतरतेस?’

‘मग काय खिडकीतून उडी मारते?’

‘आणि पडलीस तर?’

‘पडले तर उठेन. नाही उठता आलं तर ओरडेन. खालच्या बाईंना तुझं बोलणं रोज ऐकू जातं, माझं ओरडणं नाही जाणार?’

ताई मटकन स्टुलावर बसली. रबरी चटया, गोळ्यांचे कप्पे, झाकून ठेवलेली जेवणं, रविवारी दुपारी न काढलेल्या झोपा, न गेलेल्या सहली, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

‘मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?’

‘सांगणार होते. पण तू दमून यायचीस, आल्या आल्या माझे पाय चेपायला बसायचीस, आणि तुझा चेहरा असा उजळायचा. दुकानात कुणी विचारत नाही, भाऊ विचारत नाही. म्हटलं, पोरीला दुसरं काही मिळालं नाही, निदान एक आजारी आई तरी असू दे.’

आई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चटईला वळसा घालून ओट्याशी गेली. गुडघा दुखत होता, ते ढोंग नव्हतं. तिने सूप गरम केलं, दोन वाट्यांत वाढलं, पाव कापला. ताई उठू लागली तशी आईने पावाच्या सुरीनेच तिला खाली बसायची खूण केली. सुपात मीठ जास्त झालं होतं. ताईने ते मुकाट्याने अर्ध्यापर्यंत संपवलं.

मग जी गोष्ट तिने आजवर आईला एकदाही विचारली नव्हती, ती विचारली.

‘मी गेले तर तुला चालेल का गं?’

‘चालेल की,’ आई म्हणाली, आणि हे ती इतक्या चटकन म्हणाली की ताईला तिथेच, हातात चमचा धरून, रडू फुटलं.